डाव्या पंखाचा पीळ

खरं सांगायचं तर प्रशिक हे लिहिणारच नव्हता. त्याच्या मोबाइलमध्ये विमानाची डायरी आहे. कोणत्या दिवशी कोणती फासळी चिकटवली, कुठं बोटाला ब्लेड लागलं, कोणत्या दिवशी काहीच न करता नुसता लाकडाकडे पाहत बसला, सगळं त्यात आहे. फक्त मे महिन्यातला एक मंगळवार नाही. त्या मंगळवारी त्यानं चार वेळा टाइप केलं आणि चारही वेळा पुसलं. मग पुढच्या सोमवारी एका बैठकीत सगळं लिहून काढलं. झालं ते असं.

विमान मोठं होतं. खेळणं असेल म्हणून शेजारचे पाहायला यायचे आणि दारातच थबकायचे. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सात फूट, पुढं पेट्रोलचं इंजिन, वजन सात किलो. रिमोटवर उडणारं, पण नुसतं सरळ उडायला बनवलेलं नाही. उलटं उडेल, कुशीवर उडेल, हवेत शेपटीवर उभं राहील, असं कसरतीचं विमान. प्रशिकनं ते यूट्यूब पाहून पाहून बनवलं. बाल्साचं लाकूड, हातात घेतलं तर काही घेतल्यासारखं वाटत नाही, त्याच्या पातळ फासळ्या कापायच्या, सांगाडा उभा करायचा. चौदा महिने गेले त्यात.

बनवणारा प्रशिक आणि उडवणारा रोहित, हे शाळेपासून ठरलेलं. रोहित उमाठे गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात कामाला. दिवसभर तागे उलगडायचे, परत गुंडाळायचे. हात एकदम शांत. त्या हातात रिमोट दिला की विमान पाळल्यासारखं वागायचं. पण मागच्या सप्टेंबरात या दोघांचं आधीचं विमान, याच्या अर्ध्या आकाराचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सोयाबीनच्या वावरात घुसलं. दर रविवारी विमानं उडवायला सगळे जमतात त्या मैदानावरचे सगळ्यात जुने नत्थूजी तुकडे गोळा करता करता एवढंच म्हणाले, "अंगठा घसरला पोराचा." त्यांनी काही टोमणा मारला नव्हता. पण ते वाक्य रोहितला चिकटलं. त्यानंतर आठ महिने त्यानं रिमोट हातात घेतला नाही. रविवारी मैदानावर यायचाही नाही.

हे मोठं विमान दाखवून दाखवून प्रशिकनं त्याला परत ओढून आणलं होतं. हेही पडलं तर लाकूड जाईल, लाकूड परत आणता येतं. रोहित मात्र परत येणार नाही, हे प्रशिकला पक्कं माहीत होतं.

सांगाडा झाला की त्यावर फिल्म चढवायची असते. प्लास्टिकचा पातळ, रंगीत कागदच म्हणा. मागून गोंद असतो, छोट्या इस्त्रीनं कडा चिकटवायच्या, मग हीट गनची गरम हवा मारली की फिल्म आकसते आणि ढोलकीसारखी ताणून बसते. रंग रोहितनं निवडले होते. वरून गडद निळा, खालून पिवळे-पांढरे चौकडे, म्हणजे विमान उलटं झालेलं लांबून समजतं. उजवा पंख एप्रिलच्या सुरवातीलाच झाला. मस्त झाला. डाव्याला हात लावेपर्यंत मे उजाडला.

मे महिना आणि कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राचं क्वार्टर. खिडकी उघडली की राख आत येते. दिसत नाही, पण टेबलावरून बोट फिरवलं की दिसते. फिल्मखाली राखेचे चार कण अडकले तरी वर गोवर आल्यासारखे फोड दिसतात. म्हणून प्रशिकनं खिडकी बंद केली, फटीत ओला फडका कोंबला. दार बंद केलं. मग जीव उकडायला लागला, हाताचा घाम लाकडावर टपकायला लागला, म्हणून खोलीच्या कोपऱ्यात कूलर लावला. दोन दिवस तो तसाच बंद खोलीत पाणी फेकत होता.

आई, इंदूबाई, डबा घ्यायला आत आली आणि नाक मुरडून उभी राहिली.

"काय करून राहिला गा? खोली हाय का न्हाणी? माहे पापड सादळले सारे."

"आई, दार लाव. राख येते."

"खिडकी तरी उघड. कूलरले हवा लागते ना बाहेरची."

"आई, दार."

पापड सादळले, हे त्यानं ऐकलं. लाकूडही सादळत असेल, हे डोक्यात आलं नाही. चौदा महिने तो मिलिमीटर मोजत होता आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ उतरताना त्याला दिसले नाहीत.

सोमवारी पंख झाला. त्यानं व्हिडिओ कॉल करून रोहितला दाखवला. रोहित दुकानाच्या मागच्या गोदामात, कापडाच्या गठ्ठ्यांमध्ये उभा होता.

"वाकडा कर जरासा. उजेडात धर," रोहित म्हणाला. "अबे, एक सुरकुती नाही."

"मंग. कोनं केला?"

"जास्त उडू नको. रविवारी मी उडवतो, तू खाली राय." आणि तो हसला. आठ महिन्यांत विमानाच्या गोष्टीवर तो पहिल्यांदा हसला. "नत्थूजीले सांगून दे, माझं नाव लिहा म्हना."

मंगळवारी प्रशिकनं पंख बाहेरच्या खोलीत आणला. तिथं कूलर नाही, पत्र्याखालची कोरडी भाजणी हवा. दुपारी त्यानं पंख तपासायला चार सारख्या ठोकळ्यांवर ठेवला, आणि पंख डुगडुगला. एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखा. त्यानं ठोकळे बदलले, फरशी बदलली. पंख डुगडुगतच राहिला. टोकाची मागची कड पाच मिलिमीटर वर होती. ओलं लाकूड फिल्मखाली वाळलं होतं, आणि वाळता वाळता त्यानं पीळ खाल्ला होता.

पाच मिलिमीटर म्हणजे काही नाही असं वाटेल. साध्या विमानात नसेलही. पण कसरतीच्या विमानाचे दोन्ही पंख एकसारखे पाहिजेत. एकाला पीळ असला की वेग कमी होताच विमान बाजूला उलथतं. उंचावर असलं तर सावरता येतं. जमिनीजवळ असलं तर नाही. आणि लांबून पाहणाऱ्याला ते अगदी अंगठा घसरल्यासारखंच दिसतं.

फिल्म फाडून पंख परत करायचा तर तीन आठवडे. एक चोरवाट होती. पंख हातानं उलट्या बाजूला पिळून धरायचा आणि तसाच हीट गननं तापवायचा. फिल्म आकसते आणि पंखाला ओढून सरळ धरते. लहान विमानाला सगळेच असं करतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते सरळपण नुसत्या फिल्मच्या जोरावर टिकलेलं असतं. कडक उन्हात फिल्म ढिली पडली की लाकूड आपल्या जागी परत जातं. आणि गडद निळी फिल्म मे महिन्यात किती तापते हे सांगायला नको.

प्रशिकनं पंख पिळला, तापवला. ठोकळ्यांवर ठेवला. डुगडुगला नाही. डायरी उघडली, टाइप केलं, पुसलं.

मग शनिवारपर्यंत त्याला चैन नाही. जेवता जेवता उठायचा, पंख ठोकळ्यांवर ठेवायचा, बोटानं दाबायचा, परत जेवायला बसायचा. वडील, देवराव, शिफ्टवरून आले की म्हणायचे, "त्याले ताप आला का तुले?" प्रशिक मनात एकच हिशोब घोळवत होता. सकाळी साडेसहाला उडवू, ऊन नसते, दहा मिनिटांचं काम, नंतर काहीतरी कारण सांगून पंख उघडू. दोनदा त्यानं रोहितला फोन लावला. एकदा रोहित म्हणाला, "रोज मोबाइलवर प्रॅक्टिस करून राहिलो बे, अंगठा आता ऐकते." प्रशिक म्हणाला, "छान." आणि फोन ठेवला.

मैदान म्हणजे उमरेड रोडच्या पुढचा एक लेआउट. प्लॉट पडलेले, घरं कोणी बांधली नाहीत, मधला मुरमाचा रस्ता हीच धावपट्टी. रविवारी सहालाच दोघं दुकानाच्या व्हॅनमधून पोचले. वीस-बावीस जण आले होते. नत्थूजींच्या हातात नंबरांची यादी.

"नत्थूजी, आमचं पहिलं घ्या ना," प्रशिक म्हणाला.

"काहून? गाडी चुकून राहिली का तुही? आधी लहान्या पोट्ट्यायले उडवू दे. मोठं इंजिन शेवटी."

"शेवटी ऊन होते."

"मंग सावलीत बस."

सात वाजले. आठ वाजले. एकाचं इंजिन सुरूच होईना, त्यात अर्धा तास गेला. प्रशिकनं उन्हासाठी डोक्याला बांधलेला दुपट्टा सोडला, ओला केला आणि डाव्या पंखावर पसरला. पाच मिनिटांत वाळला. परत ओला केला. पंखाजवळ वाकून उभा राहिला, आपली सावली पडावी म्हणून.

रोहित हसला. "अबे, लेकराले झोपवून राहिला का? उजव्यालेही घाल ना, तो रडन."

"डावा जास्त तापते."

"सूर्य काय डावीकडूनच निंघाला का?"

प्रशिकनं दुपट्टा परत ओला केला. सव्वानऊला नंबर आला. त्यानं दुपट्टा काढला आणि मागून, शेपटीकडून, एक डोळा मिटून पाहिलं. उजव्या पंखाची कड एका रेषेत. डाव्याची टोकाकडे उचललेली. पीळ परत आला होता, सगळाच्या सगळा.

आता एक रीत असते. इंजिन सुरू केलं की एकानं मागं बसून शेपूट दोन्ही हातांनी धरायचं. उडवणारा इंजिन पूर्ण जोरात करून पाहतो, परत कमी करतो, मान हलवतो. मान हलली की धरणारा सोडतो. या दोघांत धरणारा नेहमी प्रशिक. शंभरेक वेळा त्यानं असं सोडलं असेल.

इंजिन सुरू झालं. धूळ त्याच्या तोंडावर आली. रोहितनं जोर वाढवला, आवाज एकदम साफ निघाला, मागं कोणी टाळ्या वाजवल्या. जोर कमी झाला. रोहितनं मान हलवली.

प्रशिकनं सोडलं नाही.

रोहितनं परत मान हलवली. मग ओरडला, "सोड बे."

प्रशिक शेपूट धरून बसलेला. काही सांगायला तोंड उघडलं तर धूळच आत गेली. त्यानं नुसती मान आडवी हलवली. रोहित पाचेक सेकंद पाहत राहिला आणि मग त्यानं इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं. त्या शांततेत मागून गौरांगचा आवाज आला. गौरांग रामदासपेठेचा, पैसेवाल्या वस्तीतला, त्याचं विमान विकतचं, तयार. "काय रोहित, अंगठ्याले आज बी सुट्टी का?"

दोघं-तिघं हसले. रोहितचा चेहरा लाल झाला, पण तो प्रशिककडेच पाहत होता.

प्रशिक उठला. "अंगठ्याचं काही नाही," तो मोठ्यानं म्हणाला. "पंख वाकडा आहे. मी केला वाकडा. मले मंगळवारपासून माहीत आहे."

नत्थूजी आले. गुडघ्यावर बसून त्यांनी पंख पाहिला, बोट टेकवलं आणि उन्हानं चटका बसला तसं काढलं. "कसा झाला?"

"कूलर लावून फिल्म चढवली. राख येते म्हणून खिडकी बंद होती."

"कूलर लावून, खिडकी बंद." नत्थूजींनी हळूहळू मान वर केली. "अबे लाकूड होतं का चिवडा? सादळणार नाही तर काय होईन?" मग यादीतलं नाव खोडत ते गौरांगकडे वळले. "तू बी ऐक. पोट्ट्यानं सोडलं नाही, म्हनून आपले डोस्के शाबूत आहेत. चल, तुहं काढ."

परतताना व्हॅन रोहित चालवत होता. मागं पंख कापडात गुंडाळलेले, खड्डा आला की एकमेकांवर घासत होते. दिघोरीच्या चौकात रोहितनं एका शरबताच्या गाडीपाशी व्हॅन थांबवली. दोन ग्लास सांगितले. आपला अर्धा संपवून त्यानं विचारलं,

"मंगळवारी काहून नाही सांगितलं?"

"सोमवारी तू हसला होता."

"हे कारण आहे का बे?"

"नाही."

"आपन सहा वाजता उडवलं असतं, तर तू सोडलं असतं. हो ना?"

प्रशिकनं ग्लासातला बर्फ पाहिला. खोटं बोलायला जागा होती. "हो," तो म्हणाला. "सोडलं असतं."

गाडीवाला दुसऱ्या कोणाला ग्लास देत होता. रोहित स्वतःचा उजवा अंगठा दुसऱ्या हातानं दाबत होता, त्याची त्यालाही खबर नसावी.

"आन् मागचं? सप्टेंबरचं?"

हा प्रश्न येणार हे प्रशिकला मैदानावरच कळलं होतं. मंगळवारपासून तो स्वतःला हेच विचारत होता.

"मले माहीत नाही. खरंच माहीत नाही. ते बनवलं तेव्हा मी असं तपासतच नव्हतो. तुहा अंगठा असन, नाही तर माहा पंख असन. तुकडे नत्थूजीनं पोत्यात भरले, ते पोतं मी फेकून देलं."

"आठ महिने मी या अंगठ्याकडे पाहून राहिलो, प्रशिक. तागा उचलताना बी."

"माहीत आहे."

"नाही माहीत." रोहितनं ग्लास ठेवला. "मी विमान पाडीन. कधी ना कधी पाडीनच, सगळेच पाडतात. पण माहं असन तर माहं म्हनून पाडू दे. तुहं माह्या नावावर नको."

रोहित व्हॅनकडे निघाला, मग वळून म्हणाला, "फिल्म कधी फाडतो?"

"तू म्हनशील तेव्हा."

"गुरुवारी दुकान लवकर बंद होते. मी येतो. तोवर हात लावू नको. आन् काही बिघडलं तर?"

"सांगीन. त्याच दिवशी, त्याच घडीले. तू गिऱ्हाईकापुढं तागा उलगडून बसला असला, मालक डोक्यावर उभा असला, तरी फोन लावीन. तू नाही उचलला तर गांधीबागेत येईन आन् दुकानात उभा राहून सांगीन. हे वचन देतो तुले."