इरलं चाललं बर्फाला

मी गगनबावड्याचं इरलं बोलतोय, पावणं. व्हय, तेच. भातलावणीच्या वेळी बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते. बांबूच्या कामट्यांची जाळी, मधे पानं भरलेली, आकार पालथ्या होडीसारखा. छत्री हातात धरावी लागते. मला पाठीवर टाकलं की दोन्ही हात रोप लावायला मोकळे. पण पावसाची गोष्ट सांगायला मी बसलेलो नाही. मी हिमाचलात जाऊन बर्फ बघून आलोय. आख्ख्या तालुक्यात असं दुसरं इरलं दाखवा, मी नाव बदलीन.

मला विणलं खालच्या वाडीतल्या ज्ञानूनं. बांबूच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यानं माझ्या होणाऱ्या मालकिणीला, मीनाबाईला, अंगणात वाकून उभं राहायला लावलं आणि तिच्या वाकलेल्या पाठीचं माप घेतलं. ताठ माणसाचं माप इरल्याला चालत नाही, कारण काम सगळं वाकूनच असतं. त्या दिवसापासून मी मीनाबाईचा झालो.

बाई तशी कमी बोलणारी. पण माझ्याखाली आली की तिची जीभ सुटायची. रोप लावता लावता शेजारणींना लहानपणीचं सांगायची. गवताच्या उतारावरनं केळीच्या सोपटावर, म्हणजे खोडाच्या सालीवर, बसून ती घसरायची, परकर फाटायचा, आईच्या शिव्या खायची आणि परत वर पळायची. एकदा टीव्हीवर बर्फावरनं घसरणारी माणसं बघून आली आणि चिखलात उभी राहून म्हणाली, "मरायच्या आधी एकदा तसं घसरायचं हाय बघा मला." बायका पोट धरून हसल्या. मी मात्र हसलो नाही. तिच्या पाठीला लागून असायचो ना, मला कळायचं ती कधी चेष्टा करते आणि कधी खरं बोलते.

पुढं तिच्या लेकाला, प्रसेनजीतला, कोल्हापुरात नोकरी लागली आणि त्यानं आईला गुलाबी रेनकोट आणला. झालं, माझी रवानगी गोठ्यात झाली. पानं कुजली. एका कोंबडीनं माझ्या पोटात अंडी घातली आणि मला, घरमालकाला, भाडंही दिलं नाही. मग मीनाबाईचा नवरा भाऊसो, त्याला शेणींच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, ढिगावर झाकण पाहिजे होतं. त्यानं मला बाहेर काढलं आणि वरनं एक फ्लेक्स आवळून शिवला. आमच्याकडं वाढदिवस झाला की फ्लेक्सचं दुसरं आयुष्य सुरू होतं. कुठं वैरणीवर, कुठं मोटारसायकलवर. माझ्या वाट्याला माजी सरपंच गणपतराव आले. गॉगल लावलेले, हात जोडलेले, आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा'.

असा मी शेणी सांभाळत पडलेलो असताना प्रसेनजीत आणि त्याची बायको संघप्रिया घरी आले आणि म्हणाले, या थंडीत आपण चौघं मनालीला जायचं. संघप्रिया नर्स आहे, तिला मोठ्या मुश्किलीनं रजा मिळालेली. मीनाबाई उठली आणि चुलीपुढं जाऊन उगाच लाकडं सारत बसली. तोंड लपवायचं होतं तिला, एवढं हसू फुटलेलं.

भाऊसोनं एकच चौकशी केली, तिकडं बर्फ म्हणजे नेमकं काय असतं. पोरगा म्हणाला, आभाळातनं पडतो, पावसासारखा. तिथंच चुकलं त्याचं. बावड्याच्या माणसाला आभाळातनं काहीही पडतंय म्हटलं की पुढचा विचार ठरलेला. "आन मग इरलं न्हाय घ्यायचं व्हय?" भाऊसो म्हणाला. पोरानं समजावलं, तिकडं कोट भाड्यानं मिळतात, बूट मिळतात. पण ऐकेल तर भाऊसो कसला! मला सुतळीनं बांधलं आणि काखेत मारलं. कोल्हापूरच्या स्टेशनात संघप्रिया आमच्या पुढं पुढं चालत होती, आमची कुणीच लागत नसल्यासारखी.

दिल्लीच्या गाडीत माझी जत्रा झाली. कुणी म्हणालं पाळणा, कुणी म्हणालं होडी. एका माणसानं तर गणपतराव कुठले मंत्री, म्हणून विचारलं. भाऊसो प्रत्येकाला बसवून आमच्याकडचा पाऊस सांगायचा आणि दर वेळी त्यात एक हात पाणी वाढवायचा.

पण एक गोष्ट मला त्या प्रवासात डाचायला लागली. गाडी थांबली की सगळे उतरायचे आणि पिशव्या मीनाबाईभोवती गोळा व्हायच्या. तिला कुणी बस म्हणायचं नाही, ती आपली बसायचीच. आयुष्यभर हेच. पन्हाळ्याला गेली तेव्हा दरवाजापाशी पिशव्या घेऊन बसली. दीक्षाभूमीला गेली तेव्हासुद्धा निम्मा वेळ चपला राखल्या. घरात प्रेम नाही असं नव्हतं हो. सवय वाईट. सगळ्यांना वाटायचं आईला बसायला आवडतं.

मनालीत एका बौद्ध मठात गेलो. "पिशव्या हायत, तुम्ही जावा," मीनाबाई म्हणाली. आतनं मंत्रांचा आवाज येत होता. शब्द वेगळे होते, पण तिनं बाहेरच्या पायरीवर हात जोडले आणि आपली बुद्धवंदना हळू आवाजात म्हटली. एक म्हातारा भिक्खू बाहेर आला, थांबला आणि त्यानंही हात जोडले. बाई हरखून गेली. पण आत काही गेली नाही. आणि मी पिशव्यांना टेकून जळफळत पडलो. कारण बर्फाचा एकच दिवस राहिला होता, आणि तिथंही पिशव्या येणारच होत्या.

आल्याच. वर डोंगरात गाडीनं सोडलं तर सगळं पांढरं, डोळे दिपले. माणसं पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरनं सूंऽऽ करून यायची. प्रसेनजीतनं पट्ट्या बांधल्या आणि बांधल्या जागीच आडवा झाला. संघप्रिया दोन पावलं नीट गेली, तिसऱ्याला नवऱ्यावर पडली. भाऊसो कमरेवर हात ठेवून दोघांना सूचना देत होता, जशी काही हयात बर्फात गेली त्याची. आणि मीनाबाई चहाच्या टपरीपुढं खुर्चीवर. मांडीवर एक पिशवी, पायाशी चार, शेजारी मी. समोर पोरं बसून घसरतात तो बुटका उतार होता. तिची नजर काही तिथून हलेना.

संघप्रिया लंगडत चहाला आली. सासूला हाक मारणार होती, पण थांबली. कपाळावर हात धरून उताराकडं बघणाऱ्या सासूकडं ती बराच वेळ बघत राहिली. पेशंटकडं बघायची सवय तिला, चेहरा वाचता येतो. मग जवळ आली आणि म्हणाली, "आई, उठा. पिशव्या मी बघते."

"मला काय करायचं हाय? हितनं दिसतंय की सगळं."

"तुमची मांडी मोकळी करा आधी," असं म्हणून पोरीनं पिशवी ओढूनच घेतली. मीनाबाई उभी राहिली. पण रिकाम्या हातांनी पाऊल टाकायला तिला जमेना. कामाशिवाय कुठं गेली नव्हती ना कधी. उभ्या जागी पदर चाचपत राहिली आणि परत बसायला वाकली. माझा तर जीव कामट्यांत गोळा झाला.

आणि आभाळातनं पडायला लागलं. कापसासारखं, गुपचूप.

भाऊसो पळत आला, हर्षवायू झाल्यासारखा. "बघा, बघा! मी काय म्हणलतो?" त्यानं सुतळी तोडली आणि मला बायकोच्या डोक्यावर चढवलं.

काय सांगू पावणं! पाठीला पाठ लागली आणि बाई बदलली. तेच माप, तीच वाकण. इरलं पाठीवर असताना मीनाबाई कधी बसून राहिलेली नाही. तिनं लुगडं खोचलं, बूट रोवले आणि चिखलातनं चालावं तशी उतार चढायला लागली. लोक फोन काढून उभे राहिले. स्टेशनात आम्हाला ओळख न देणारी संघप्रिया खालनं ओरडत होती, त्या माझ्या सासूबाई आहेत म्हणून.

वर पोचल्यावर मीनाबाईनं मला उतरवलं, उलटं केलं, आणि माझ्या पोटात बसली. गणपतराव तोंडानं बर्फावर. फ्लेक्स गुळगुळीत, उतार ओला. "धरून बस गं!" भाऊसो ओरडला. तिनं धरलं नाही. दोन्ही हात मोकळे सोडले आणि आम्ही सुटलो.

वारा, बर्फ, तिची किंकाळी. कशाचीच शुद्ध नव्हती मला. खालच्या ढिगात घुसलो तेव्हा माझा मधला कणा काड्कन मोडला. भाऊसोचा चेहरा पांढराफटक. मग ढिगातनं हसू आलं, चिखलातलं नव्हे, त्याच्याही आधीचं, परकर फाटणाऱ्या पोरीचं. "परत," ती म्हणाली. मोडक्या कण्यानं मी तिला परत नेलं, आणि परत, आणि परत. प्रसेनजीत आईला वर ओढायला हात देत होता. तो मधेच म्हणाला, आई, तुला हे आवडतं हे मला ठाऊकच नव्हतं. "इचारलंस कवा?" ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडावर बर्फ मारला.

आता मी बावड्याच्या घरात पुढच्या सोप्यात, पडवीतल्या भिंतीवर आहे. गणपतराव येऊन आपला फोटो हिमाचलात जाऊन आला म्हणून मला हार घालून गेले. मीनाबाई येता जाता माझ्यावरनं हात फिरवते. मेमध्ये परत कुठंतरी डोंगरात जायचं चाललंय, आणि पिशव्या कुणी राखायच्या यावरनं घरात आत्ताच वाद पेटलाय.

तुम्हीही कुठं कुठं जाता, पावणं. उतरलात की एकदा मागं वळून बघा, पिशव्यांच्या मधे कोण बसलंय. आणि कुणीच थांबायला तयार नसेल तर मला घेऊन चला. कणा मोडलाय, पावसाला मी आता उपयोगाचा नाही. पण पिशव्या मी राखतो. तिला जाऊ द्या.