चाचाच्या गल्ल्यावर बसायचं नाही

पंजाबातल्या आमच्या कोट मंगल गावच्या कोंबड्यांनी पहाटे आरवणं सोडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. इंग्लंडमध्ये उजाडलं की ते आरवतात, म्हणजे आमच्याकडे दुपारची ताटं वाढायच्या वेळी. मालकांची पोरं जिकडे, तिकडचं घड्याळ त्यांनी धरलंय. गुरमेजच्या गच्चीवर विमानाच्या आकाराची सिमेंटची टाकी आहे. बांधली तेव्हा तिचं नाक रेल्वे फाटकाकडे होतं. एका वादळात ते आपोआप पश्चिमेला वळलं. गवंडी बघायला आला, चारी बाजूंनी फिरला आणि म्हणाला, "आता बरोबर बसलीये." पाण्यासकट टाकी वळते कशी, असं मला कोणी विचारू नये. मी फक्त पाहिलं ते सांगतो.

तर या गुरमेजची थोरली मुलगी जपनीत. दूध टिकवण्याचं शास्त्र शिकायला तिला विलायतेला जायचं होतं. घरी म्हशी, बापाचा दुधाचा धंदा, आणि उन्हाळ्यात दर आठवड्याला एखादा कॅन नासायचा, तेव्हा तिचं हे वेड उसनं नव्हतं. विद्यापीठानं प्रवेश दिला होता. पण व्हिसाच्या अर्जाला लागणारं पत्र देण्याआधी तिथली एक मॅडम संगणकावर समोरासमोर मुलाखत घेणार होती. मुलगी खरंच शिकायला येतेय की शिक्षणाच्या नावाखाली कमवायला, हे तिला पारखायचं होतं. मॅडमला पटलं नाही तर पत्र नाही, आणि पत्र नाही तर व्हिसाचा अर्जच करता येत नाही.

मुलाखत माझ्या बैठकीत व्हायची होती, कारण गावात इंटरनेट धड चालतं ते माझ्याकडेच. त्या आठवड्यात पोरीनं माझ्या अंगणात इतक्या फेऱ्या मारल्या, की तिथली वीट झिजली आणि तिच्या मागं फिरून माझ्या कुत्र्याला चक्कर आली.

"ताया, विचार ना काहीतरी," ती म्हणायची. मी तिच्या बापापेक्षा वयानं मोठा, म्हणून ताया. तसं सगळं गावच मला ताया म्हणतं.

"आठवड्याला काम किती तास?"

"शिकवणी चालू असताना वीस. वर एक मिनिट नाही."

"आणि मालक म्हणाला, पुत्तर, आज गर्दी आहे, जरा थांब?"

"नाही थांबणार."

"पैसे नको घेऊस, पण थांब, म्हणाला तर?"

"फुकटचं कामही कामच धरतात, ताया. पगार दिला नाही म्हणून तास मोजायचे राहत नाहीत."

"कसला देश आहे," मी म्हणालो. "आपल्याकडे पगार दिला तरी तास मोजत नाहीत."

ती हसली नाही. पुन्हा फेऱ्या सुरू.

एवढ्यात गुरमेजचा धाकटा भाऊ दलबारा इंग्लंडहून आला. दर हिवाळ्यात येतो, एका बॅगेत चॉकलेटं आणि दुसऱ्या बॅगेत स्वतःची मतं घेऊन. वुल्वरहॅम्प्टनला त्याचं किराणा दुकान आहे आणि वर घर. जपनीत चाचाकडे राहणार, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. दलबारानं तिच्यासाठी खोलीला गुलाबी रंगही देऊन ठेवला होता. त्याचे गुडघे गेलेले, त्यामुळे संध्याकाळी गल्ल्यावर तीच बसणार, हेही त्यानं मनाशी ठरवलं होतं. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे चाचाच्या दुकानात बसण्याला काम म्हणतच नाहीत. घरच्या म्हशीला पाणी दाखवण्याला कोणी नोकरी म्हणतं का?

पण मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या जालंधरच्या क्लासमधल्या पम्मा सरांनी जपनीतला बजावलं होतं. तिथं नातेवाइकाचं दुकान असेल तर ते नक्की खोदून विचारतील. स्पष्ट सांगायचं, मी तिथं काम करणार नाही. आणि नुसतं सांगायचं नाही, खरंच करायचं नाही.

आता हे दलबाराला सांगणार कोण? जपनीत म्हणाली, पापा सांगतील. गुरमेज मला म्हणाला, "ताया, तू वडील माणूस, तू सांग." मी म्हणालो, संध्याकाळी बाटली उघडली की हळूच विषय काढतो. संध्याकाळी बाटली उघडली, पण विषय निघायच्या आत ती संपली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मुलाखतच आली.

दुपारची वेळ. दाट धुकं नुकतंच वर उचललं होतं. जपनीत बैठकीत एकटी बसली, कारण खोलीत दुसरं माणूस चालत नाही. आम्ही तिघे बाहेर उन्हात खाटेवर. खिडकी लावता येत नव्हती, इंटरनेटची वायर तिच्यातूनच आत गेलेली. गुरमेज दाढी ओढत होता. दलबारा मुळा खात होता. मी भिंतीला कान लावला होता. मीही तिकडच्या फाउंड्रीत उमेदीची वर्षं घालवून आलेला माणूस आहे, गोऱ्यांची इंग्रजी मला समजते. शिव्या तर अगदी स्वच्छ.

मॅडमनं आधी खोली फिरवून दाखवायला सांगितली. पेटीवर रजयांची चळत होती. तिच्यामागं कोणी दडलं नाही, हे जपनीतनं एकेक रजई उचलून दाखवलं. मग हाच विषय का, हेच विद्यापीठ का, शिकून काय करणार. नासणाऱ्या कॅनबद्दल ती अशी बोलली की बाहेर गुरमेजचे डोळे भरले.

"राहणार कुठे?"

"माझ्या चाचांकडे."

दलबारानं आमच्याकडे पाहून मिशी फिरवली.

"ते काय करतात?"

"त्यांचं किराणा दुकान आहे."

"मग तुम्ही दुकानात मदत करणार?"

"नाही," जपनीत म्हणाली. "मी चाचांच्या दुकानात अजिबात काम करणार नाही. गल्ल्याला हातसुद्धा लावणार नाही."

मुळा अर्ध्यातच थांबला. गुरमेजनं धाकट्याचा सदरा धरला, पण कापड त्याच्या हातात राहिलं आणि दलबारा खिडकीपाशी पोचला. गुडघे गेलेला माणूस इतक्या चपळाईनं उठलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. खिडकीतून त्यानं पगडीसकट डोकं आत घातलं, मुळ्यासकट हातही घातला.

"का गं? माझ्या गल्ल्याला काय विटाळ आहे?" तो पंजाबीत कडाडला. मग मॅडमकडे वळून इंग्रजीत, "मॅडम, पोरगी माझी आहे, दुकान तिचं आहे. रोज संध्याकाळी बसेल. पगाराचं नाव काढू नका, एक पैसा देणार नाही."

बाहेर गुरमेज खाटेवर आडवा झाला.

"तुमच्याबरोबर कोणी नाही, असं तुम्ही म्हणालात," मॅडम म्हणाली.

"खोलीत नव्हतं. हे खिडकीत आहेत," जपनीत म्हणाली. "हेच ते चाचा. मला त्यांच्याशी बोलू द्याल का? प्रत्येक शब्द तुम्हाला सांगते."

मॅडमनं कसली तरी नोंद केली असावी, कारण खटखट ऐकू आली. मग म्हणाली, बोला.

"चाचाजी," जपनीत म्हणाली, "तुम्ही पगार दिला नाही तरी ते कामच होतं. सापडले तर मला परत पाठवतील, आणि तुम्हालाही जाब द्यावा लागेल."

"घरात पोळ्या लाटल्या तर?"

"ते घरकाम. चालतं."

"गुरुद्वाऱ्यात लंगरची भांडी घासलीस तर?"

"ती सेवा. तीही चालते."

"मग दुकानात सेवा कर."

"दुकानात सेवा नसते, चाचाजी. तिथं दूध विकतात."

"बरं. तू वर जेवतेयस, खाली गिऱ्हाईक आलं, माझा गुडघा धरला. काय करशील?"

"जेवत राहीन."

दलबारानं मुळा खाली टाकला. "शाबास. हे शिकायला चाललीस?"

आणि या पोरीनं हे सगळं, मुळा आणि शाबासकीसुद्धा, जसंच्या तसं इंग्रजी करून मॅडमला सांगितलं. चाचानं मध्ये दिलेली शिवी तिनं गाळली, तेव्हा दलबारानंच ती इंग्रजीत भरून दिली.

मॅडमनं पुन्हा खटखट केली. मग म्हणाली, "शेवटचा प्रश्न. नियम तुम्हाला पाठ आहेत हे मी पाहिलं. तुमचे चाचा ते पाळू देतील का?"

पम्मा सरांनी या प्रश्नाचं उत्तर शिकवलं नव्हतं. जपनीतनं खिडकीकडे पाहिलं. दलबाराचं डोकं अजून चौकटीत होतं.

"नाही," ती म्हणाली. "ते प्रेमानं मागतील आणि मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून मी त्यांच्याकडे राहणार नाही. हॉस्टेलमध्ये राहीन. पत्ता बदलून कळवते."

मुलाखत संपली. दलबारानं डोकं बाहेर घेतलं. त्याचा चेहरा इतका उतरला होता की मी सरकून त्याला खाटेवर जागा दिली. तो बसला नाही.

"गुलाबी रंग दिला होता," एवढंच म्हणाला आणि तिकीट अलीकडच्या तारखेचं करून लवकर निघून गेला.

पुढचे दिवस पोर जेवली की नाही, कोणाला ठाऊक नाही. ती दूध काढायची, पण कुठल्या म्हशीचं काढलं हे विसरून पुन्हा तिच्याच खाली बसायची. गुरमेज हॉस्टेलच्या खर्चाची तजवीज करत बँकेत खेपा घालत होता, आणि पत्र येईल की नाही याचा पत्ताच नव्हता. एका सकाळी ती अंगणाच्या मधोमध फोन हातात घेऊन नुसती उभी राहिली. मी विचारलं, काय झालं? तिनं तो माझ्यापुढे धरला. मीच फोन घेऊन वाचला. पत्र आलं होतं.

व्हिसाही झाला, पोरगी गेली, हॉस्टेलात राहिली. दलबारानं महिनाभर तिचा फोन उचलला नाही. मग परवा त्याचा मला फोन आला.

"ताया, तुझी पुतणी रविवारी दुकानात येते."

"मग चांगलं आहे की."

"कसलं चांगलं. हात पाठीमागं बांधून उभी राहते. मी दुधाच्या बाटल्या लावतो, तर म्हणते, चाचाजी, जुन्या पुढे घ्या, नव्या मागे. आज गुडघा दुखत होता, म्हटलं, तेवढी बाटली दे इकडं. तर म्हणते, नाही देता येत. वर एक बाटली घेतली आणि पैसे पुढे केले. माझ्याच पोरीकडून मी पैसे घेऊ?"

"घेतलेस का?"

पलीकडे कोणीतरी दुकानात आल्याची घंटा वाजली.

"घेतले," तो म्हणाला. "सुटेही दिले. मोजून घेतले तिनं."