कांद्याच्या पापुद्र्यातला बुडबुडा

मित्रांनो, मला एकच डोळा आहे, माझा पाय जरा लंगडतो आणि वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा. तरीही तुम्हा सगळ्यांना मिळून जे दिसत नाही ते मला दिसते, म्हणून थोडी ऐट केली तर रागावू नका. शाळेच्या प्रयोगशाळेतला मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे.

माझी भिंगे घासणारे काका फार कडक होते. जरासा ओरखडा दिसला की ते भिंग बाजूला टाकायचे. माझे भिंग त्यांनी उजेडाकडे धरले, "हं, जमलं" म्हणाले आणि मला खोक्यात ठेवले. एवढ्याशा कौतुकावर मी कितीतरी वर्षे काढली, कारण शाळेत आल्या आल्या माझी रवानगी काचेच्या कपाटात झाली. वर कुलूप! मुले वहीत माझी आकृती काढत, माझ्या भागांची नावे घडाघडा म्हणत आणि पैकीच्या पैकी गुण मिळवत. माझ्यातून मात्र कोणी पाहत नसे. शोभेची वस्तू होऊन बसण्याचा मला अगदी वीट आला होता.

मग विज्ञानाच्या नव्या बाई आल्या. त्यांनी गंजलेल्या कुलपात तेल घातले आणि मला बाहेर काढले. वर्गात नाना तऱ्हेची मुले. चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलीला उंच टेबलापर्यंत पोहोचता येईना, तेव्हा बाईंनी मला बुटक्या स्टुलावर आणून ठेवले. एक मुलगा घडीभर स्वस्थ बसत नसे, त्याला सगळे भिंगरी म्हणत. बाईंनी माझा आरसा त्याच्या हवाली केला. खिडकीतला उजेड पकडण्याच्या नादात तो चक्क तासभर जागचा हलला नाही. माझा तर तो लाडकाच झाला.

पण एक मुलगी होती, दूरच्या मुलखातून आलेली. तिच्या घरची भाषा वेगळी. वर्गात ती तोंडच उघडत नसे, म्हणून मुले तिला 'मुकी' म्हणू लागली. मुख्याध्यापिका, म्हणजे आमच्या मोठ्या बाई, मनाने वाईट नव्हत्या. फक्त त्यांना सगळ्याची घाई फार.

"तिला काही कळत नाही हो. खालच्या वर्गात बसवून टाकू," त्या म्हणाल्या.

"थोडं थांबा ना, बाई. तिला काय काय कळतं, हे आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे?" विज्ञानाच्या बाई म्हणाल्या.

"बरं. सोमवारी मी स्वतः येऊन बघते. मग मात्र ऐकायची नाही."

दुसऱ्याच दिवशी बाईंनी कांद्याचा पातळ पापुद्रा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला, वर छोटी काच बसवली आणि सांगितले, "दिसेल तेच काढा." एकेकाने डोळा लावला. सर्वांनी विटा रचाव्यात तशा सुबक पेशी काढल्या. मुकीने काढले एकच मोठे वर्तुळ, जाड काळ्या काठाचे.

"बाई, हिने टायर काढला!" भिंगरी ओरडला. वर्ग खो खो हसला. मुकीने कागद पाठीमागे लपवला.

बाईंनी माझ्यातून पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! हा तर हवेचा बुडबुडा. काच बसवताना मीच गडबड केली. इथे पेशी दिसतच नाहीत. मग तुम्ही सगळ्यांनी कुठून काढल्या रे?"

सगळ्यांनी पुस्तकातली आकृती उतरवली होती. खरे पाहिले होते एकट्या मुकीने. तिचा टायर बाईंनी भिंतीवर लावला. तेव्हापासून आमच्याकडे आधी पुस्तक मिटायचे आणि मग डोळा लावायचा. भिंगरीने तिला 'बुडबुडा' हा शब्द शिकवला आणि तिच्या भाषेतला शब्द स्वतः शिकला. काच तिरकी धरून हळूच टेकवली की बुडबुडा होत नाही, हेही ती लवकरच शिकली. पण बोलायचे म्हटले की मान खाली.

सोमवारी मोठ्या बाई आल्या. मुकीने सुरेख काचपट्टी तयार करून ठेवली होती. मोठ्या बाईंनी वाकून पाहिले.

"काहीच दिसत नाहीये," म्हणत त्यांनी माझे चाक गरागरा फिरवले. माझी नळी भराभर खाली निघाली. आता भिंग काचेवर आदळणार! मोठ्या बाईंना अडवायची कोणाची छाती होईना.

"बाई, हळू! काच फुटतो!"

मुकी बोलली होती. तिने मोठ्या बाईंचा हात धरला आणि चाक उलटे वळवले. "वर घ्या... हळू... अजून हळू. दिसला?"

मोठ्या बाई बराच वेळ वाकूनच राहिल्या. "दिसलं गं," त्या म्हणाल्या, "केवढ्या पेशी!" मग त्या ताठ उभ्या राहिल्या आणि विज्ञानाच्या बाईंना म्हणाल्या, "ही याच वर्गात राहील." आणि मग जरा ओशाळून मुलीकडे वळल्या. "तुझं नाव काय गं, बाळा?"

तिने नाव सांगितले, मोठ्याने आणि स्पष्ट. त्यानंतर त्या वर्गात तिला कोणी मुकी म्हटले नाही.

मित्रांनो, माझे चाक आता सैल झाले आहे आणि भिंगावर धूळ पटकन बसते. मला मऊ फडक्याने पुसा, हळू फिरवा, पण जपण्याच्या नावाखाली पुन्हा कुलपात ठेवू नका. आणि तुमच्या वर्गात कोणी गप्प बसत असेल, तर सरकून त्याला माझ्याजवळ जागा करून द्या. त्याचे नाव तेवढे आधी विचारा.