चांगली माती

"वाल्मीक, आधी ती शेळी खाली घे, मंग तू उतर! दोघांच्या भारानं घर बसंल माझं!"

माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई, अंगणात उभ्या राहून ओरडत होत्या. आमचे हे वर, घराच्या सपाट मातीच्या धाब्यावर, शेळीचा कान धरून. शेळी मात्र निवांत. घर मागून टेकडाला लागलेलं, त्यामुळं ती सरळ चालत वर गेली होती. आणि का जाणार नाही? धाब्यावर गुडघाभर गवत, मधूनच बाजरीची दोन-चार ताटं डुलत होती.

आमच्या सिन्नरकडच्या गावात घरं अशीच, मातीच्या धाब्याची. दरसाल पावसाआधी ओढ्याकाठची खारी, पांढरी माती वर टाकून चोपायची, म्हणजे पाणी मुरत नाही, पन्हाळीतून वाहून जातं. सासरे होते तोवर ते काम त्यांचंच. गेल्या साली, दुष्काळात, ते गेले. यंदा आत्याबाईंनी लेकाला एवढंच सांगितलं, "धाब्यावर चांगली माती टाक." ह्यांनी टाकली. मळ्यातली काळीभोर, वर दोन पाट्या शेणखत.

ती माती पाऊस प्यायली आणि मग सावकाश घरात सोडत राहिली. माझ्या चंद्रीची झोळी पेलेल अशी तुळई घरात एकच, आणि गळती नेमकी तिच्या बगलेला. पाच महिन्यांचं लेकरू, छाती घरघरायची. झोळीवर मी खताची प्लास्टिकची गोणी बांधली, शेजारी पातेलं ठेवलं. टप्, टप्. त्या आवाजात ती झोपायची आणि मी जागी.

शेळी उतरली त्या दिवशी मी माहेरची पिशवी भरली आणि सांगून टाकलं, "पोरीला कोरडी जागा व्हत नसंल, तर मी तिला घेऊन वणीला जाते, माहेरी."

तेवढ्यात शेजारचे सहादूबाबा कुडावरून डोकावले.

"वाल्मीक, कोळपणीला बैल वर कसे चढवणार रे?"

"बाबा, चेष्टा नका करू."

"चेष्टा नाय. खाली गळतंय, पाण्याचा निचरा चांगला हाय. कांदा लाव. कुठली माती टाकली?"

"मळ्यातली. आईच म्हणली, चांगली टाक."

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे माझ्या राजा! घराला चांगली म्हंजी जिच्यात काय उगवत नाय ती!"

"मंग वाईट माती टाक म्हणायचं ना!"

"घराला वाईट म्हणू व्हय, भरल्या तोंडानं?"

यावर सहादूबाबा खारी माती आणायला बैलगाडी जुंपायला लागले.

उघडीप मिळाली तशी काळी माती खरवडून मळ्यात परत गेली, खारी वर आली. हे चोपणं हाणत होते, मी पाणी शिंपडत होते, आत्याबाई चंद्रीला कडेवर घेऊन खालून सांगत होत्या, "पन्हाळीकडं उतार दे! तिकडं नाय रे, पन्हाळीकडं!"

चौथ्या दिवशी भर दुपारी आभाळ फुटलं. आम्ही तिघं हातात भांडी घेऊन आढ्याकडं बघत उभे. पन्हाळ धो धो वाहायला लागली. घरात थेंब नाही. आत्याबाईंनी भिंतीवरून तळवा फिरवला, कोरडा निघाला, तो त्यांनी लेकाच्या गालावर ठेवला. मी झोळीवरची गोणी सोडली.

आणि चंद्रीनं भोकाड पसरलं.

पाजलं, झोका दिला, ओव्या झाल्या. लेकरू काळंनिळं होईस्तोवर रडतंय. आत्याबाई कान देऊन ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "अगं, हिला टप् टप् पाहिजे."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी माहेरच्या पिशवीकडं पाहिलं. हे मुकाट्यानं तांब्या भरून झोळीजवळ बसले आणि बोटं बुडवून पातेल्यात थेंब सोडायला लागले. टप्. टप्. चंद्री हुंदका देत थांबली, मूठ चोखायला लागली, डोळे मिटले.

दारातून सहादूबाबांनी विचारलं, "काय वाल्मीक, थांबली का गळती?"

"हळू बोला, बाबा," हे म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."