एकाच तारखेचे दोन विदिगाल

माझ्या नातीचं, लिओनिल्दाचं, लग्न एका मेलेल्या कप्तानाने अडवलं होतं. लोक म्हणत होते म्हातारीने अडवलं. लोकांचं काय, त्यांना जिवंत माणसाचंच नाव घ्यायला आवडतं.

मी माहेरची विदिगाल. मकावमध्ये विदिगाल म्हटलं की मासळीवालासुद्धा ताजा मासा पुढे करतो. निदान मी समोर उभी असले तर करतोच. माझे आजोबा इनासियो विदिगाल म्हणजे कप्तान विदिगालचे चिरंजीव, आणि त्यांचा जन्मदाखला आमच्या बैठकीच्या खोलीत मरियामाउलीच्या तसबिरीखाली काचेत लावलेला. वर नाव, मग तारीख, खाली चर्चचा शिक्का आणि कप्तानाची ऐटदार सही. मधे पाद्र्याची मुंग्यांसारखी अक्षरं होती, ती कधी कुणी वाचली नव्हती. मी दोन वर्षं शाळेत गेले, तीही पावसाळे सोडून. पण खाली सही करणारा तो बाप, एवढं कळायला शाळा लागत नाही असं माझं मत होतं.

लिओनिल्दाने पसंत केलेला मुलगा म्हणजे रोजेरियो झेव्हियर. पोस्टात कारकून, कान थोडे मोठे, पण नोकरी पक्की आणि बोलणं मऊ. कानांचं मी मनावर घेतलं नाही. बोलणी करायला रविवारी त्याची आजी बिबियानाबाई आली. पोराचे आईबाप लिस्बनला, म्हणून घरात हिचाच शब्द चालायचा. बदामाच्या बिस्किटांचा डबा घेऊन आली, माझी मिंची दोनदा वाढून घेतली, आणि वर म्हणाली की खिमा तिच्याकडे जरा बारीक करतात. मी गिळलं. नातीसाठी माणूस बरंच गिळतं.

मग तिची नजर भिंतीवरच्या काचेकडे गेली. उठली, नाक टेकेल इतकी जवळ गेली, आणि परत येऊन पर्समधून मेणकापडाची गुंडाळी काढली. आम्हीही काही रस्त्यावरचे नाही म्हणाली, माझे आजोबा तेओदोरोही विदिगालच, म्हणून मुद्दाम आणलाय. कागद टेबलावर पसरला. तोच शिक्का, तीच तारीख. तीच सही.

एका दिवशी, एका बापाचे दोन मुलगे, आणि दोन वेगळी घराणी. जुळे म्हणावं तर आमच्या आजोबांना भाऊ असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, त्यांच्याकडेही नाही.

बिबियानाबाई घडी घालत शांतपणे म्हणाली, "कप्तानाची बायको एकच होती. एका दिवशी दोन घरांत ती काही बाळंत व्हायची नाही."

"नाही ना," मी म्हटलं, "ती आमच्या घरात झाली. तुमच्याकडे कोण झाली, ते तुम्ही शोधा."

बिस्किटांचा डबा तिने परत नेला. उघडलेला होता, तरी नेला.

पुढचे तीन आठवडे निरोपांवर गेले. आपला आजोबा बाहेरच्या बाईचा होता असं त्यांनी कबूल करावं, मग लग्न, असं माझं म्हणणं. तिचं म्हणणंही तेच, फक्त आजोबा माझा. निरोप न्यायला रोजेरियोच, बिचारा. त्याचे कान रोज थोडे अधिक लाल होऊन यायचे. लिओनिल्दा रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. माझ्याकडे पाठ करून भात खायची. एका सकाळी मात्र वळून म्हणाली, "आजी, मी त्याच्याशीच लग्न करणार. पण तू चर्चमध्ये नसशील तर ते लग्न मला आयुष्यभर टोचेल. आता तू ठरव."

आणि तिने स्टुलावर चढून भिंतीवरची काच उतरवली. फादर एस्तानिस्लावकडे नेते म्हणाली, जुनी अक्षरं त्यांना लागतात. कप्तानाला एकटं कसं पाठवणार? मीही छत्री घेऊन निघाले. साओ लाझारोच्या चर्चच्या कचेरीत पोचलो तर बिबियानाबाई आधीच खुर्चीत. तिला लिओनिल्दानेच बोलावलं होतं. माझी नात आहे शेवटी.

फादरनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा पुसला, आणि मला म्हणाले की बाई, हे जन्माचे दाखले नाहीतच, बाप्तिस्म्याचे आहेत. मी म्हटलं त्यात काय मोठंसं, आमच्यात पोराची नाळ सुकायच्या आत डोक्यावर पाणी पडतं. चार दिवस इकडे किंवा तिकडे.

"बरोबर," फादर म्हणाले. "पण पोर सव्वीस वर्षांचं असेल तर?"

मग त्यांनी कपाटातून जाडजूड वही काढली आणि त्या मुंग्या आम्हाला वाचून दाखवल्या. पेंटेकॉस्टच्या सणाची आदली संध्याकाळ. इनासियो, वय सुमारे सव्वीस, पैलपारच्या चिनी खेड्यातला, मूळ नाव लियोंग फू, आईबाप ख्रिस्ती नव्हेत, काम कप्तानाच्या जहाजावर स्वयंपाक. त्याच्याखाली तेओदोरो, वय एकोणीस, मूळ नाव चान साम, काम जहाजाच्या फटींत डांबर भरणं. त्याच्याखाली सुतार, शिडं शिवणारा, न्हावी. पान भरून विदिगाल. कप्तानाने एका संध्याकाळी सगळ्या जहाजाला धर्म दिला, धर्मबाप म्हणून खाली सही ठोकली, आणि रीतीप्रमाणे प्रत्येकाला आपलं आडनाव दिलं. त्याला स्वतःला मूलबाळ नव्हतं. जन्माची नोंद त्या काळी सरकार ठेवत नव्हतं, चर्चचा कागदच सगळीकडे चालायचा, म्हणून लोक दोन्हींतला फरक विसरले, असं फादर म्हणाले.

ही रीत मला काय ठाऊक नव्हती? आमच्या गल्लीतली निम्मी आडनावं धर्मबापांची. शेजारच्या रोझारियोंना मी त्यावरून किती टोमणे मारले होते. पण दुसऱ्याच्या आडनावाचं मूळ विचारताना स्वतःचं कोण विचारतं.

मी गप्प बसले. घरच्यांनी मला तसं कधी पाहिलेलं नाही, म्हणून लिओनिल्दा पाणी आणायला धावली. पण माझं डोकं भलतीकडेच धावत होतं. आजोबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची. भिंतीवरच्या तारखेने ते साठीचे. बायका छाती पिटत होत्या, काय हे अकाली मरण, विदिगालांना आयुष्यच कमी. तोंडात एक दात नाही, पाठ कोळंबीसारखी वाकलेली, आणि आम्ही म्हणत होतो समुद्राच्या वाऱ्याने माणूस लवकर पिकतो. फादर, मी म्हटलं, मग आजोबा शहाऐंशी वर्षं जगले की हो.

बिबियानाबाई तोंडाला रुमाल लावून थरथरत होती. मला वाटलं रडते. ती हसत होती. "आमचा तर पंचावन्नाव्या वर्षी दुसऱ्या बायकोला घेऊन आला म्हणून सगळं घर त्याचं कौतुक करायचं," म्हणाली, "म्हणजे तेव्हा तो चौऱ्याहत्तरचा होता." मग मीही हसले. फादरनी दार लावून घेतलं, बाहेर लोक कबुलीजबाबाला थांबले होते.

हसून झाल्यावर मी डोळे पुसले आणि सांगून टाकलं, "विहीणबाई, लियोंगांची पोर चानांच्या घरात द्यायला माझी हरकत नाही. पण स्वयंपाकी डांबरवाल्याहून वरचा, एवढं लक्षात ठेवा."

"डांबर नसतं तर तुमचा स्वयंपाकी माशांच्या पोटात गेला असता," ती म्हणाली. "तारीख ठरवा."

तारीख ठरली आणि आम्हा दोघींना एकच खूळ लागलं. त्या पानावरच्या सगळ्यांच्या वंशाला लग्नाला बोलवायचं. लिओनिल्दाने नावं उतरवून घेतली, रोजेरियोने पोस्टातले पत्ते हुडकले, आणि आम्ही दोघी दारोदार फिरलो. सुताराचे पणतू आले, शिडं शिवणाऱ्याची खापरपणती हाँगकाँगहून बोटीने आली, सहकुटुंब. चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर होते. लिओनिल्दाने वेदीकडे जाताना एकदा मान वळवून मी आहे ना ते पाहिलं, आणि मग तिने पुन्हा मागे पाहिलं नाही.

जेवणाला मी स्वतः वाढत होते. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ, सोन्याची साखळी, काठीला चांदीची मूठ, मला थांबवून म्हणाले की बाई, इथे आज बरेच विदिगाल दिसताहेत, पण खरं सांगायचं तर माझे आजोबा कप्तानाचे एकुलते एक चिरंजीव, घरी जन्मदाखला आहे. पानावर ते आजोबा न्हावी होते.

पलीकडे बिबियानाबाईचा रुमाल पुन्हा तोंडाकडे गेला. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. गृहस्थांच्या ताटात आणखी एक पळी मिंची घातली, वर तळलेलं अंडं ठेवलं, आणि म्हटलं, "ते सांगायला कशाला हवं? नाकावरूनच कळतं."