कान कापलेला पासपोर्ट

मित्रांनो, मी एक जुना पासपोर्ट आहे आणि माझा एक कान, म्हणजे कोपरा, कापलेला आहे. माझा जन्म डेन्मार्कचा. माझा मालक प्रेबेन तिथला सुतार. म्हातारपणी तो थायलंडमधल्या नोंगखायला आला आणि नूडल्सची गाडी चालवणाऱ्या लामदुआनशी लग्न करून राहिला. पण वर्षभराच्या व्हिसावरही तिथं त्याला सलग नव्वदच दिवस राहता यायचं. म्हणून दर नव्वद दिवसांनी आम्ही मेकाँगवरचा पूल ओलांडून लाओसला जायचो आणि लगेच परतायचो. येताना नवा शिक्का, नवे नव्वद दिवस. ते सगळे शिक्के मी अंगावर घेतले.

माझी पानं भरली तेव्हा धाकटा पासपोर्ट आला, कोरा करकरीत. मी बाद झाल्याची खूण म्हणून माझा कान कातरला. प्रेबेन धाकट्याला खिशात, छातीशी ठेवी. वर्षभराचा व्हिसा अजून माझ्याच पोटात होता, तरी मी सुयादोऱ्यांच्या डब्यात. माझा नुसता जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू?

नव्वदाव्या दिवशी प्रेबेन एकट्या धाकट्याला घेऊन पुलावर गेला. थोड्याच वेळात लामदुआनचा फोन वाजला.

“अगं, इथले साहेब म्हणतात यात व्हिसाच नाही, सोडता येणार नाही. आज पलीकडे जाऊन आलो नाही तर मला डेन्मार्कला परत धाडतील.”

बरी जिरली, असं मला वाटलं.

“मग जुना कुठंय?”

“तेच आठवत नाही.”

“म्हाताऱ्या, डोकं तरी नेलंयस ना बरोबर?” ती म्हणाली. चुलीवरचा रस्सा तसाच टाकून तिनं सारं घर पालथं घातलं. शेवटी डबा उघडला, मला पाहिलं आणि ती मटकन खाली बसून रडली. तेव्हा मला माझीच लाज वाटली.

मला घेऊन ती धावतच पुलावर पोचली. तिथल्या साहेबांनी माझ्यातला व्हिसा पाहिला. “जा काका, आणि लवकर या. काकूंचा जीव टांगणीला लागलाय.”

संध्याकाळी प्रेबेन परतला. शिक्का मात्र धाकट्यावरच बसला. ते मला अजून सलतं.

मित्रांनो, नवं जरूर आणा. पण जुन्यात कुणाचं तरी घरी परतणं अडकलेलं असतं. त्याला अडगळीत टाकू नका, आणि टाकलंतच, तर निदान कुठं टाकलंत ते घरात सांगून ठेवा.