एक वाजून सात मिनिटांची सावली

मित्रांनो, कुंभार पिंपळगावात उषाबाईंच्या अंगणात गेलात, तर कोंबड्या ज्या वाकड्या पत्र्यातलं पाणी पितात तो पत्रा नीट पाहा. त्याला मधोमध एक पोचा आहे. पाणी त्या पोच्यातच साठतं. तो पोचा दगडाने पडला, आणि तो पत्रा म्हणजे मी. केबलच्या एका मोठ्या छत्रीची उरलेली एकुलती पाकळी. गोष्ट सांगते, पण मी गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझा राग अजून गेलेला नाही.

१९९४ साली जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये माझ्या बारा पाकळ्या कापल्या गेल्या. जोडल्यावर मी बारा फूट रुंद झाले. माझा खोलगटपणा मोजून बेतलेला होता. आकाशातून आलेली लहर माझ्यावर कुठेही पडली, तरी उसळून एकाच बिंदूवर जायची. त्या बिंदूवर तीन दांड्यांच्या आधाराने एक छोटी डबी बसवली होती. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाची क्षीण लहर ती डबी टिपायची आणि खालच्या खोलीतल्या यंत्रांना द्यायची. गावातले टीव्ही त्यावर चालायचे.

संपत हा आमचा केबलवाला. त्याने मला आपल्या गच्चीवर उभं केलं, तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे उषाबाईंनी, मला हळदीकुंकू लावून नारळ फोडला. खालून एक म्हातारा म्हणाला, "संपत, एवढी मोठी परात कोणाच्या लग्नाची रे?" पुढे क्रिकेटचा सामना असला की लोक येता-जाता मला हात जोडायचे. सामना हरलो की शिव्याही मलाच. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

काही वर्षांनी संपतने नवी छत्री आणली आणि मला दुसऱ्या उपग्रहाकडे वळवलं. त्यावर टिमटिम नावाचं एक चॅनल होतं. तिथे हिंदी आवाज दिलेली जपानी कार्टून लागायची. त्यातली एक मालिका गावाने डोक्यावर घेतली. एका दीपगृहात राहणारी मियो नावाची मुलगी वादळात हरवलेल्या भावाला शोधते. भाग बावन्न. नवा भाग आठवड्यातून एकदाच, शुक्रवारी. समुद्र कधी न पाहिलेलं गाव त्या पोरीसाठी श्वास रोखून बसायचं. पाट्या रंगवणाऱ्या इंद्रभानने तर आपल्या दुकानाच्या दारावर कंदील घेतलेली मियो रंगवली होती. इंद्रभानचं वय तेवीस, पण मियोचा भाऊ जिवंत आहे का मेला, यावरून त्याने एकाशी सहा महिने अबोला धरला होता.

आधी ही कार्टून संध्याकाळी लागायची. मला दगड बसला त्या वर्षी ती दुपारी बारा ते दोन झाली, आणि शुक्रवारचा नवा भाग एक वाजता. मार्चात सकाळची शाळा सुरू झाल्याने पोरांची सोयच झाली. अडतीस भाग झाले होते, चौदा उरले होते.

त्याच आठवड्यात पेपरात चार ओळींची बातमी आली. टिमटिमची कंपनी दुसऱ्या एका मोठ्या कंपनीत विलीन होणार. कार्टूनबद्दल त्यात एक शब्द नव्हता. जे त्या चार ओळींत नव्हतं, ते गावाने सलूनच्या बाकावर बसून पुरं केलं. कोणी म्हणे जपानी कार्टून काढून सासू-सुनांच्या मालिका लावणार. कोणी म्हणे आवाज देणाऱ्यांना हाकलून दिलं. इंद्रभान म्हणाला, "शेवटचे चौदा भाग कपाटात टाकून कुलूप लावतेत का न्हाई बघा."

आणि सोमवारी दुपारी एक वाजून नऊ मिनिटांनी पडद्यावर मुंग्या आल्या. दोन मिनिटं नुसती खरखर, मग चित्र परत. मंगळवारी चार मिनिटं. बुधवारी सहा.

"बघा, रोज दोन मिनिटं वाढवून राह्यले!" इंद्रभानने हिशोब मांडला. "बिलकुल आवाज न करता कापायलेत. दोन महिन्यांत दोन तास साफ."

दोन, चार, सहा. तीन आकडे हाती आले की पुढचे सगळे आपल्याला ठाऊक आहेत, असं माणसांना वाटतं.

खरं काय चाललं होतं, ते गावात एकीनेच पाहिलं. शेजारची बेबीनंदा अकरावी सायन्सला होती. ती उषाबाईंना कुरडया घालायला गच्चीवर यायची. बुधवारी खालून ओरडा ऐकू आला तेव्हा तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या डबीची सावली एरवी इकडेतिकडे पडलेली असायची. त्या क्षणी ती बरोबर माझ्या मधोमध होती.

गुरुवारी ती वही आणि घड्याळ घेऊन आली. एक वाजून सात मिनिटांनी सावली मधोमध सरकली आणि खाली ओरडा झाला. सात मिनिटांनी सावली पुढे गेली आणि ओरडा थांबला. ती जिना उतरून संपतच्या खोलीत गेली. इंद्रभान आणि दहा-बारा जण तिथे भांडायलाच आले होते.

"संपतदादा, कंपनीचं काही न्हाई," ती म्हणाली. "सूर्य बराबर उपग्रहाच्या मागं येतो, म्हणून डबीची सावली छत्रीच्या मधोमध पडते. छत्रीला दोन्ही एकदम दिसतात, अन् सूर्याच्या गोंगाटात चित्र बुडतं. याच छत्रीवरचं बातम्यांचं चॅनल बघा, ते पण त्याच वेळी गेलं असंल."

"गेल्तं खरं," संपत म्हणाला.

"जाईलच की!" इंद्रभान उसळला. "बातम्यावाले पण त्यांनीच घेतले असतेन!"

"सूर्य काय आजच उगवला का गं बेबे?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

"गेल्या साली दुपारी बघत कोण होतं? मार्च अन् ऑक्टोबरात सूर्य त्या रेषेवर येतो. आज सात मिनिटं झाली, ही सगळ्यात जास्त. उद्या सहा, परवा चार, रविवारी दोन. सोमवारी काहीच न्हाई. थांबून तर बघा."

"उद्या नवा भाग हाय. सोमवारपर्यंत थांबून काय करू, कुरडया तळू?" इंद्रभान म्हणाला.

संपतही चिडला. "मंग कंपनीला जाऊन विचारा. माझ्या सासऱ्याची हाय का ती? जास्त बोलसान तर ते कार्टून काढून भजनाचं चॅनल लावतो. निम्मं गाव तेच मागून राह्यलं."

मित्रांनो, हे बोलणं चाललं तेव्हा मी वर उभी होते आणि डबीची सावली मधून नुकतीच सरकून माझ्यावरच पडलेली होती. सोळा पायऱ्या चढून येऊन कोणीही पाहू शकलं असतं. एकही जण आला नाही.

शुक्रवारी एक वाजता एकोणचाळिसावा भाग सुरू झाला. मियोला किनाऱ्यावर भावाची टोपी सापडली, आणि टोपीच्या आत काय लिहिलंय ते ती वाचणार, एवढ्यात मुंग्या आल्या.

गल्लीतून धावत येणारी पावलं ऐकू आली. "संपत्या, बाहेर ये! कंपनीचा दलाल झालास का रे?" संपत बाहेर आला नाही. बेबीनंदा गच्चीच्या कठड्याशी येऊन ओरडत होती, "सहाच मिनिटं! चार तर झाली! दोन मिनिटं थांबा!" कोणीतरी तिलाही शिवी दिली.

पहिला दगड माझ्या या पाकळीवर बसला. दुसरा डबीवर. डबी दांड्यांवरून निखळली आणि कुरडया घालत बसलेल्या उषाबाईंच्या पुढ्यात, कुरडयांत पडून फुटली. दुसरा दगड इंद्रभानचा होता. मियोच्या डोळ्यांतले बारीक पांढरे ठिपके त्याच हाताने भरले होते, म्हणून त्याचा नेम चांगला होता.

बेबीनंदाने घड्याळ पाहिलं. एक वाजून तेरा मिनिटं. सूर्य बाजूला सरकला होता. चित्र परत आलं असतं, पण आता ते घ्यायला डबी नव्हती.

संपतला नवी डबी जालन्याहून एका दिवसात मिळाली असती. त्याने आणली नाही. "माझ्या मायच्या अंगावर दगड? आता भजनं बघा जन्मभर." दुसऱ्या छत्रीवरचं भजनाचं चॅनल त्याने टिमटिमच्या जागी लावलं. बेबीनंदाच्या वहीत शनिवार, रविवार, सोमवार अशा तीन रिकाम्या ओळी राहिल्या. तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. मला ते ठाऊक आहे, पण ते मोजायला काही उरलंच नव्हतं.

पावसाळ्यात पेपरात पुन्हा चार ओळी आल्या. दोन्ही कंपन्यांचं फिसकटलं होतं. विलीनीकरण रद्द. टिमटिमवर जपानी कार्टून पुढे दोन वर्षं लागत राहिली, आसपासच्या वाटूरला लागली, परतूरला लागली. बंद पडली ती फक्त आमच्या गावात.

बेबीनंदा बारावीसाठी जालन्याला मामाकडे गेली होती. तिने बावन्नावा भाग तिथे पाहिला. दिवाळीला ती गावी आली तेव्हा इंद्रभान उषाबाईंच्या अंगणात येऊन उभा राहिला. मान खाली होती. मला तेव्हा गच्चीवरून उतरवून भिंतीला टेकवलं होतं. अकरा पाकळ्या भंगारवाल्याने नेल्या, पोचा पडलेली त्याने घेतली नाही.

"बेबे, एवढंच सांग," इंद्रभान म्हणाला. "भाऊ सापडला का तिला?"

बेबीनंदाने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्या पोच्याकडे.

"अंदाज करा की दादा," ती म्हणाली. "तुम्हाला लई चांगला येतो." आणि आत निघून गेली.

तिने पुढेही कोणाला सांगितलं नाही. इंद्रभानच्या दारावरची मियो उन्हाने फिकी झाली, तरी त्याने तिला पुन्हा रंग दिला नाही. अडतीस भाग माझ्यावरून उसळून गावात गेले, पण भाऊ सापडला का हे मलाही माहीत नाही.

तुम्हाला पुढे कधी असाच राग येईल आणि हातात दगड असेल. मला तुमच्याकडून माया नको. दगड टाकायच्या आधी सोळा पायऱ्या चढा आणि सावली कुठे पडली आहे ते पाहून या. तेवढ्यात सहा मिनिटं जातात.